आरएफआयडी कसं चालतं आणि धंद्यात कुठे कामाला येतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोदामं, दुकानं आणि कारखान्यांत आरएफआयडी बसवण्याच्या कामात जे प्रश्न पुन्हापुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही मालकांचे आहेत, काही हिशेब ठेवणाऱ्यांचे, आणि काही दिवसभर खोकी हलवणाऱ्यांचे. या शेवटच्या मंडळींचे प्रश्न सहसा सगळ्यात अवघड निघतात. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे लोक हमखास फसतात तिथे जास्त शाई खर्च केली आहे.

आरएफआयडी म्हणजे नेमकं काय?

रेडिओ फ्रिक्वेन्सी आयडेंटिफिकेशन, म्हणजे रेडिओलहरींवरून वस्तूची ओळख पटवणं. वस्तूवर एक टॅग असतो. त्यात वाळूच्या खड्याएवढी चिप आणि तिला जोडलेली ॲल्युमिनियमची किंवा तांब्याची पातळ अँटेना असते. समोर रीडर असतो. तो आपल्या अँटेनातून लहरी सोडतो आणि टॅगचं उत्तर ऐकतो. ते उत्तर म्हणजे एक क्रमांक, बस्स. त्या क्रमांकाची वस्तू कुठली, ती कुणाची, ती इथे असायला हवी होती की नाही, हे सगळं तुमच्या संगणकातल्या नोंदींना माहीत असतं, टॅगला नाही. एवढा मुद्दा पहिल्या दिवशी नीट समजला तर पुढचे निम्मे गैरसमज होतच नाहीत.

टॅगमध्ये बॅटरी नसते म्हणतात. मग तो बोलतो कसा?

लहानपणी आरशाने भिंतीवर कवडसा पाडला असेल. आरशाला स्वतःचा उजेड नसतो; ऊन सूर्याचं, आपण फक्त आरसा हलवतो आणि समोरच्याला तो कवडसा लुकलुकताना दिसतो. बिनबॅटरीचा टॅग हेच करतो. रीडर सतत लहर सोडत असतो. टॅगची अँटेना त्यातली थोडी ऊर्जा पकडते, चिप त्या ऊर्जेवर जागी होते, आणि मग आपल्या अँटेनाची जोडणी ती भराभर बदलत राहते. एका स्थितीत अँटेना जास्त लहर परत फेकते, दुसऱ्या स्थितीत कमी. या कमी-जास्तीतून शून्य आणि एक तयार होतात. रीडरला ते परत आलेल्या लहरीच्या चढउतारात ऐकू येतात.

चिपला जागं व्हायला किती ऊर्जा लागते? आजच्या चांगल्या चिपला १० मायक्रोवॅट किंवा त्याहूनही कमी, म्हणजे एका वॅटचा एक लाखावा भाग. रीडरची कसरत मात्र मोठी आहे. तो स्वतः मोठ्याने बोलत असतानाच टॅगची कुजबुज ऐकत असतो. रीडर महाग असतो तो बराचसा याच कामासाठी.

हे वर्णन लांबून वाचल्या जाणाऱ्या टॅगचं झालं. हातभर अंतरावरच्या कार्डांचं तंत्र थोडं वेगळं आहे. तिथे रीडरमध्ये तारेचं वेटोळं असतं, कार्डातही वेटोळं असतं, आणि ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांसारखी त्यांच्यात चुंबकीय क्षेत्रातून ऊर्जा जाते.

ही कल्पना आली कुठून?

गोष्ट हेरगिरीपासून सुरू होते. १९४५ मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताला सोव्हिएत शाळकरी मुलांनी लाकडात कोरलेलं राजचिन्ह भेट दिलं. ते राजदूताच्या निवासस्थानी सात वर्षं टांगलेलं होतं. आत लिऑन थेरेमिन या सोव्हिएत संशोधकाने बनवलेलं ऐकण्याचं यंत्र होतं आणि त्यात ना बॅटरी होती, ना बाहेर जाणारी तार. बाहेरून रेडिओलहर मारली की ते जागं व्हायचं आणि खोलीतल्या आवाजाने बदललेली लहर परत पाठवायचं. १९५२ मध्ये ते सापडलं. ओळख पटवण्याशी त्याचा संबंध नव्हता, पण परक्याच्या ऊर्जेवर बोलण्याची युक्ती तीच.

१९४८ मध्ये हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित ऊर्जेतून संदेश पाठवण्यावर निबंध लिहिला. १९७३ मध्ये मारिओ कार्डुलो यांना स्मृती असलेल्या बिनबॅटरीच्या टॅगचं पेटंट मिळालं, आणि त्याच वर्षी चार्ल्स वॉल्टन यांना कार्डाने उघडणाऱ्या कुलपाचं. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतही त्याच दशकात यावर काम झालं. धंद्याच्या दृष्टीने खरं वळण १९९९ चं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात ऑटो-आयडी सेंटर हे संशोधन केंद्र सुरू झालं. त्यातले केविन ॲश्टन आधी प्रॉक्टर अँड गँबल या साबण-सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत होते, आणि त्यांना छळणारा प्रश्न अगदी साधा होता: एका विशिष्ट रंगाची लिपस्टिक दुकानातल्या फळीवर सारखी संपलेली का दिसते, जेव्हा गोदामात ती पडलेली आहे? काखेत कळसा आणि गावाला वळसा. आजही आरएफआयडीचा सगळ्यात मोठा ग्राहक याच दुखण्याचा आहे.

बारकोड असताना याची गरज काय?

बऱ्याच ठिकाणी नसतेच. बारकोड छापायला जवळजवळ फुकट पडतो, कुठलाही फोन तो वाचतो, आणि जून १९७४ मध्ये ओहायोतल्या एका सुपरमार्केटात च्युइंगगमचं पाकीट पहिल्यांदा स्कॅन झाल्यापासून तो विश्वासाने काम करतो आहे. दिवसाला पन्नास खोकी जात असतील तर बारकोडच ठेवा.

दोन फरक मात्र खरे आहेत. पहिला, टॅग दिसावा लागत नाही. बंद खोक्यातले चाळीस शर्ट खोकं न उघडता मोजता येतात. दुसरा फरक लोक विसरतात: दुकानातला नेहमीचा बारकोड फक्त 'हा अमुक शर्ट, अमुक मापाचा' एवढंच सांगतो, आणि त्या मापाच्या सगळ्या शर्टांवर तोच कोड असतो. टॅगमध्ये प्रत्येक नगाचा स्वतंत्र क्रमांक असतो. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ९६ बिटांच्या (बिट म्हणजे शून्य किंवा एकची एक जागा) रचनेत त्यातले ३८ बिट फक्त नगाच्या अनुक्रमांकासाठी राखलेले असतात, म्हणजे एकाच प्रकारच्या वस्तूला सुमारे २७ हजार कोटी वेगवेगळे क्रमांक. त्यामुळे एकच शर्ट दहा वेळा वाचला गेला तरी मोजणीत तो एकदाच धरला जातो.

आणि एक तिसरा फरक, जो माहितीपत्रकात छापत नाहीत. बारकोड माणूस मुद्दाम वाचतो. आवाज आला नाही तर त्याला कळतं की वाचला गेला नाही, तो पुन्हा वाचतो. आरएफआयडीत जो टॅग वाचला गेला नाही तो मुकाट राहतो. तुम्हाला शंकाही येत नाही. हे पुढे पुन्हा येईल.

कुठली वारंवारता निवडावी?

वारंवारता म्हणजे लहर सेकंदाला किती वेळा कंप पावते तो आकडा. तीन घराणी आहेत, आणि निवड सहसा वस्तूच करून टाकते.

कमी वारंवारता, १२५ ते १३४ किलोहर्ट्झ: अंतर काही सेंटीमीटर, वेग मंद, पण पाणी, चिखल, कातडी यांची पर्वा नाही. म्हणून जनावरांच्या कानातले टॅग आणि पाळीव प्राण्यांच्या कातडीखालच्या चिप १३४.२ किलोहर्ट्झवर चालतात. मोटारीच्या किल्लीतली चिपसुद्धा याच घराण्यातली.

उच्च वारंवारता, १३.५६ मेगाहर्ट्झ: कार्डं, पासपोर्ट, ग्रंथालयाची पुस्तकं, फोनमधलं एनएफसी, म्हणजे फोन टेकवून कार्ड-टॅग वाचण्याची सोय. अंतर काही सेंटीमीटरपासून फार तर मीटरभर.

अति उच्च वारंवारता, ८६० ते ९६० मेगाहर्ट्झ: गोदामं आणि कपड्यांची दुकानं जिला 'आरएफआयडी' म्हणतात ती हीच. कित्येक मीटर अंतर, सेकंदाला शेकडो टॅग, आणि टॅग सगळ्यात स्वस्त. हिचा पट्टा देशोदेशी वेगळा आहे: युरोपात ८६५ ते ८६८, अमेरिकेत ९०२ ते ९२८. टॅग सहसा दोन्हीकडे चालतात, रीडर मात्र त्या देशाच्या नियमाचाच घ्यावा लागतो. दुसऱ्या देशातून स्वस्तात आणलेला रीडर परवान्याच्या कचाट्यात सापडू शकतो.

टॅग किती लांबून वाचता येतो?

पुरवठादाराच्या कागदावर १२ मीटर लिहिलेलं असेल. ते खोटं नसतं. मोकळ्या जागेत, एकच टॅग, अँटेनासमोर नीट तोंड करून धरला तर मिळतं. खोक्यात भरलेल्या मालावर त्याच्या निम्मं मिळालं तरी समाधान माना.

'मग रीडरची शक्ती वाढवा ना!' हे पुढचं वाक्य असतं. एक तर कायद्याने कमाल मर्यादा ठरलेली असते. शिवाय अंतर वाढलं की ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते (दुप्पट अंतराला चौथाई), त्यामुळे शक्ती दुप्पट केली तरी अंतर दुप्पट होत नाही, साधारण ४१ टक्के वाढतं. वेटोळ्यांच्या तंत्रात तर हाल आणखी वाईट: तिथे शक्ती दुप्पट करून जेमतेम १२ टक्के हाती लागतात. म्हणून एनएफसीचं कार्ड लांबून वाचण्याचे मनसुबे सहसा कागदावरच राहतात.

दिशाही महत्त्वाची. टॅगची अँटेना लांबट असते आणि तिच्या टोकाच्या बाजूने ती जवळजवळ बहिरी असते. टॅग कुठल्याही कोनात येणार असेल तर रीडरला वर्तुळाकार ध्रुवीकरणाची, म्हणजे लहर गोल फिरवत सोडणारी अँटेना लावतात. थोडं अंतर गमावतो, पण आडवा-उभा भेद जातो.

पाण्याच्या बाटल्या आणि धातूचे डबे यांच्यावर चालत नाही, हे खरं का?

अर्धं खरं. पाणी गोदामी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतं, धातू त्या परतवतो. धातूला चिकटून साधा टॅग लावला तर त्याची अँटेना बेसूर होते, जणू वाद्याच्या तारेवर कुणी बोट ठेवलं. उपाय आहेत. धातूसाठी खास टॅग मिळतात. त्यांत अँटेना आणि धातू यांच्यात दोघांना एकमेकांपासून दूर ठेवणारा थर असतो, आणि काही प्रकारांत तो धातूच अँटेनाचा भाग बनून अंतर वाढवतो. ते जाड आणि महाग असतात, पण गॅसची नळकांडी, अवजारं, यंत्राचे भाग अशा परत परत वापरायच्या वस्तूंवर परवडतात. द्रवाच्या बाटल्यांत टॅग झाकणाच्या बाजूला, हवा असते तिथे लावून बघा. अडचण आतल्या बाटल्यांची असते: पॅलेटच्या (माल रचून उचलायच्या चौकटीच्या) मधोमध असलेल्या बाटलीपर्यंत लहर पोहोचतच नाही. तिथे प्रत्येक बाटलीचा हट्ट सोडून खोक्याला किंवा पॅलेटला टॅग लावणं शहाणपणाचं.

माणसाच्या अंगातही बहुतेक पाणीच. टॅग खिशात ठेवून पाठमोरं उभं राहिलं तर वाचन गळतं. छातीवरची ओळखपत्रं लांबून वाचायचा बेत करणाऱ्यांनी हे आधी करून बघावं.

शेकडो टॅग एकदम बोलले तर गोंधळ होत नाही का?

होतो, आणि तो सोडवण्याची रीत या सगळ्या तंत्रातला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. रीडर आधी घोषणा करतो: 'आता अमुक इतके खण आहेत, प्रत्येकाने मनाने एक खण निवडा.' प्रत्येक टॅग यादृच्छिक आकडा घेतो आणि आपला खण येईपर्यंत गप्प राहतो. खण आला की तो आधी स्वतःचा क्रमांक सांगत नाही. १६ बिटांचा एक तात्पुरता आकडा सांगतो. रीडरने तोच आकडा परत उच्चारला तर टॅगला कळतं की आपलं ऐकू आलं, मग तो खरा क्रमांक देतो. एका खणात दोघे बोलले तर बहुधा कुणाचंच कळत नाही आणि त्यांना पुढच्या फेरीची वाट बघावी लागते.

खण किती ठेवायचे, हीच गोम. कमी ठेवले तर धडकाधडकी, जास्त ठेवले तर रिकामे खण मोजण्यात वेळ. खणांची संख्या टॅगांइतकीच असली तर सर्वोत्तम, आणि तेव्हाही फक्त ३७ टक्क्यांच्या आसपास खण कामी येतात. समोर किती टॅग आहेत हे रीडरला आधी माहीत नसतं, म्हणून रिकामे आणि धडकलेले खण बघत तो अंदाज सुधारत राहतो. ही पद्धत मुळात हवाई विद्यापीठाच्या अलोहानेटमधून आली, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेटांवरचे संगणक रेडिओने जोडताना. एकदा मोजलेला टॅग त्या फेरीपुरता शांत बसतो, म्हणून मागच्या अशक्त टॅगांनाही बोलायची पाळी मिळते.

टॅगमध्ये वस्तूची सगळी माहिती भरता येईल?

जागा थोडी असते, आणि भरूही नये. क्रमांक टॅगवर, माहिती संगणकात. अपवाद म्हणजे जिथे जाळं पोहोचत नाही तिथला माल, उदाहरणार्थ विमानाचे सुटे भाग. तिथे दुरुस्तीचा इतिहास टॅगवरच ठेवणं सोयीचं ठरतं.

बॅटरीवाले टॅग कधी घ्यावेत?

वस्तू मोठी, महाग आणि मोकळ्या मैदानात हिंडणारी असेल तेव्हा. जहाजाचे कंटेनर, काही देशांत टोलनाक्यावरून वेगात जाणारी वाहनं, रुग्णालयातली फिरती यंत्रं. ते शंभर मीटरवरूनही ऐकू येतात. बॅटरी संपल्यावर ती कोण बदलणार, हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच विचारून ठेवा.

कुठल्या धंद्यात याचा खरोखर फायदा झाला आहे?

सगळ्यात ठळक उदाहरण कपड्यांच्या दुकानांचं. का, तेही समजून घेण्यासारखं आहे. कापड लहरींना आडवं येत नाही. एकाच शर्टाची सहा मापं, पाच रंग, म्हणजे तीस वेगवेगळे माल, आणि ते सगळे ग्राहक उलथेपालथे करतात. संगणक म्हणतो मधल्या मापाचे तीन आहेत, फळीवर एकही नसतो, एक मागच्या खोलीत असतो आणि दोन कुणी भलत्याच दांडीवर टांगलेले असतात. पूर्वी मोजदाद वर्षातून एकदोनदा, रात्र जागून व्हायची. हातातला रीडर घेऊन दुकानभर फिरलं तर तेच काम तासाभरात होतं, मग ते दर आठवड्याला करता येतं. विक्री वाढते ती मोजदाद अशी वरचेवर होते म्हणून. झाराच्या मालक कंपनीने २०१४ मध्ये टॅग चोरीविरोधी प्लास्टिकच्या बिल्ल्यातच बसवल्याचं जाहीर केलं, म्हणजे विक्रीच्या वेळी बिल्ला काढला की तो पुन्हा वापरता येतो. युनिक्लोच्या दुकानांत कपडे खणात ठेवले की बिल होतं. डेकॅथलॉननेही मालाला टॅग लावले आहेत.

परत येणाऱ्या वस्तू हा दुसरा गट, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. क्रेट, पॅलेट, बिअरची पिंपं, रुग्णालयाच्या चादरी. टॅगची किंमत शेकडो फेऱ्यांवर वाटली जाते, त्यामुळे महाग टॅगही परवडतो. चादरींचे टॅग धुलाईची उष्णता आणि दाब सोसतील असे शिवलेले असतात, आणि कुठली चादर किती वेळा धुतली हेही त्यांतून कळतं.

मग ग्रंथालयं: पुस्तकांची थप्पी ठेवली की एकदम नोंद. कारखाने: मोटारीचा सांगाडा रंगशाळेतून जाताना त्याला कुठला रंग हवा हे यंत्राला कळतं. विमान दुरुस्ती: पाना पेटीत परत आला की नाही, यावर विमान सोडायचं की नाही ते ठरतं. विमान कंपन्यांचं सामान: डेल्टाने २०१६ मध्ये बॅगांना आरएफआयडी चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली. आणि शर्यती: १९९४ च्या बर्लिन मॅरेथॉनमध्ये धावपटूंच्या बुटाला चिप बांधून प्रत्येकाची खरी वेळ मोजली गेली. हजारो लोकांमागे उभ्या असलेल्या माणसाला प्रारंभरेषेपर्यंत पोहोचायलाच कित्येक मिनिटं लागतात. ती आता त्याच्या खात्यावर पडत नाहीत.

वॉलमार्टचा प्रयोग फसला होता ना?

२००३ मध्ये वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीने आपल्या सर्वांत मोठ्या शंभर पुरवठादारांना सांगितलं की जानेवारी २००५ पासून खोक्यांवर आणि पॅलेटवर टॅग हवेत. त्या वेळी टॅग आणि रीडरने कसं बोलायचं याचं सर्वमान्य प्रमाण (स्टँडर्ड) ठरायचं होतं; दुसऱ्या पिढीचं प्रमाण २००४ च्या शेवटी मंजूर झालं. टॅग महाग होते, वाचन कच्चं होतं, आणि खर्च पुरवठादाराचा तर फायदा वॉलमार्टचा, असा सगळा मामला होता. पुरवठादार माल निघताना शेवटच्या क्षणी टॅग चिकटवून मोकळे व्हायचे; त्यांच्या स्वतःच्या कामात काहीच बदललं नाही. उत्साह ओसरला. पुढे हेच तंत्र खोक्याऐवजी एकेका नगावर, कपड्यांपासून सुरू झालं, आणि तिथे रुजलं. ज्याला टॅगचा खर्च त्याला टॅगचा उपयोग, एवढं जुळलं की बाकीचं बरंच जुळतं.

टॅग लावला की वस्तू नकाशावर दिसेल?

नाही. हा जीपीएस नाही. बिनबॅटरीचा टॅग फक्त रीडरसमोर आला तरच बोलतो. तुम्हाला एवढंच कळतं की अमुक वेळी तो अमुक दारासमोर होता. दोन दारांच्या मध्ये तो कुठे आहे, हा अंदाज.

नको असलेले टॅग वाचले जातात, त्याचं काय करायचं?

ही तक्रार 'वाचत नाही' या तक्रारीपेक्षा जास्त येते. एका गोदामात आम्ही माल बाहेर जाण्याच्या दारावर रीडर बसवला. पहिल्याच आठवड्यात संगणकाच्या मते तीनशे खोकी रवाना झाली, प्रत्यक्षात ती दाराशेजारच्या रॅकवर शांत बसली होती. चूक सर्वस्वी आमची. आम्ही दार रिकामं असताना चाचणी घेतली होती. माल भरलेली धातूची ट्रॉली आली की लहर तिच्यावर आपटून थेट रॅककडे जायची. तीन दिवस आम्ही सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत होतो. शेवटी लोडिंगवरचे एक काका म्हणाले, 'साहेब, ट्रॉली आली की मगच हे होतं.'

उपाय असे: आधी शक्ती कमी करा (सगळे वाढवतात), अँटेना खाली झुकवा, दाराशेजारी मीटर-दोन मीटर टॅग लावलेला माल ठेवूच नका, नाहीतर मध्ये धातूची जाळी लावा. मग सॉफ्टवेअरने गाळा: ज्या टॅगची लहर आधी वाढत आणि मग घटत गेली तो दारातून गेला, जो तासभर एकाच ताकदीने ऐकू येतोय तो रॅकवर आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना अँटेना असतील तर माल आत गेला की बाहेर हेही कळतं.

शंभर टक्के वाचन मिळेल का?

कपड्यांची खोकी पट्ट्यावरून रीडरच्या बोगद्यातून जात असतील तर जवळपास. मिश्र मालाच्या पॅलेटवर, चालत्या ट्रॉलीवर, नाही. कुणी लिहून देत असेल तर कुठल्या मालावर, कुठल्या वेगाने, किती फेऱ्यांत, हेही लिहून घ्या.

इथे शितावरून भाताची परीक्षा चालत नाही. वरचं खोकं वाचलं गेलं म्हणजे खालचं वाचलं गेलं असं नसतं. म्हणून व्यवस्था अशी आखा की एखादं वाचन निसटलं तर ते पकडलं जाईल: चलनावर चाळीस नग आहेत आणि अडतीस वाचले, तर दिवा लाल व्हावा आणि माणसाने बघावं. ज्या मालाची अपेक्षित संख्या कुठेच नोंदलेली नाही, तिथे निसटलेला टॅग शोधायला काही आधारच उरत नाही.

एकूण खर्च कसा धरायचा?

लोक टॅगच्या किमतीवर अडून बसतात. ऑटो-आयडी सेंटरने पाच अमेरिकी सेंटचं लक्ष्य ठेवलं तेव्हा ते स्वप्न वाटायचं. आज मोठ्या खरेदीत साधा कागदी टॅग त्या आसपास किंवा खाली मिळतो. पण टॅग लावणाऱ्या हाताचा वेळ, छापणारा प्रिंटर, अँटेनाच्या तारा, वीज, नोंदींची जुळवाजुळव, माणसांचं प्रशिक्षण, आणि बिघडलेले टॅग वेगळे काढण्याची रीत, हे धरलं की टॅग हा खर्चाचा एक भागच राहतो. सॉफ्टवेअर जोडणीला सर्वांत जास्त वेळ लागतो. रीडर एकाच टॅगबद्दल सेकंदात दहा वेळा ओरडतो. त्यातून 'खोकं आलं' ही एकच नोंद काढणारा थर मध्ये लागतोच.

टॅगची नक्कल करता येते का?

साध्या गोदामी टॅगची, हो. त्याचा क्रमांक कुणीही वाचू शकतं आणि दुसऱ्या टॅगवर लिहू शकतं. चिपचा कारखान्यातच लिहिलेला वेगळा क्रमांक असतो, तो तपासला तर नक्कल अवघड होते, अशक्य नाही. दाराच्या कुलपासाठी किंवा पैशांसाठी कार्ड वापरत असाल तर कूटलेखन (माहिती गुप्त संकेतात बदलण्याची सोय) असलेलंच घ्या, आणि तेही जुनं नको: मायफेअर क्लासिक या सर्वत्र पसरलेल्या कार्डाचं गुप्त कूट २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी फोडून दाखवलं. आजही ती कार्डं अनेक दारांवर लावलेली दिसतात.

ग्राहकाच्या खासगीपणाचं काय?

शंका रास्त आहे. अंगावरच्या कपड्यात जिवंत टॅग राहिला तर तो पुढच्या दुकानातल्या रीडरलाही उत्तर देईल. टॅगमध्ये नाव नसतं, पण तोच क्रमांक पुन्हापुन्हा दिसला की माणूस ओळखता येतो. दुसऱ्या पिढीच्या त्या प्रमाणातच (स्टँडर्डमध्ये) टॅग कायमचा बंद करण्याची आज्ञा आहे. तिला ३२ बिटांचा संकेतशब्द लागतो. २०१३ च्या सुधारित आवृत्तीत टॅगचा काही भाग लपवण्याची सोयही आली. व्यवहारात सगळ्यात सोपं म्हणजे टॅग किमतीच्या चिठ्ठीत ठेवणं, जी ग्राहक घरी जाऊन कापतोच, आणि चिठ्ठीवर तसं स्पष्ट छापणं.

लहरी अडवणारं पाकीट घ्यावं का?

हौस असेल तर. बिनस्पर्श बँक कार्ड दर व्यवहाराला नवं कूट तयार करतं, त्यामुळे चोरून ऐकलेलं पुन्हा वापरता येत नाही.

चोरी थांबेल का?

दारावर सूचना मिळेल, आणि नेमका कुठला नग गेला हे कळेल, जे जुन्या 'टूं' वाजणाऱ्या दारांना सांगता येत नव्हतं. पण टॅगभोवती ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळला की तो मुका होतो, आणि हे चोरांना ठाऊक आहे.

माझ्या फोनने हे टॅग वाचता येतील?

१३.५६ मेगाहर्ट्झचे, एनएफसी असेल तर हो, फोन जवळजवळ टेकवून. गोदामातले नाहीत, त्यासाठी फोनला जोडायचा वेगळा रीडर मिळतो.

सुरुवात कुठून करू?

तुमच्या दुखण्यापासून. 'आम्हाला आरएफआयडी हवं' असं म्हणत येणाऱ्यांना मी विचारतो, सध्या कुठली गोष्ट तुम्हाला शोधावी लागते, आणि ती शोधण्यात कुणाचा किती वेळ जातो? उत्तर आकड्यात आलं तर पुढे बोलायला अर्थ असतो. मग तुमच्याच मालावर, पाच-सहा प्रकारचे टॅग, टॅग लावण्याच्या तीन-चार जागा, असं साध्या टेबलावर करून बघा. रीडर भाड्याने मिळतो. सगळ्यात त्रासदायक माल आधी घ्या, सोपा नंतर. त्यानंतर एकच दार, एकच महिना, आणि शेजारी जुनी पद्धतही चालू ठेवा. रोज संध्याकाळी दोन्ही आकडे समोरासमोर लिहा. चाचणी माल भरलेल्या, माणसं वावरणाऱ्या, ट्रॉल्या आदळणाऱ्या वेळी घ्या. आणि लोडिंगवरच्या काकांना पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा.